पेजेवर किती दिवस?

'वय ५६. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, परवा तिसरी केमो झाली. वजन ५८ वरून ५२ वर आलंय. हे प्रेसमधून निवृत्त झालेत, मला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. जाऊबाईंनी अंडी, दूध, साखर बंद केलं. दिवसभर पेज, फळांचा रस नाहीतर गव्हांकुराचा रस. काल कुकरचं झाकण फिरवता आलं नाही, रडूच फुटलं. सगळे मायेनेच करतात, त्यांना कसं सांगू?'
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

ताई, झाकण फिरलं नाही याचं सगळं खापर केमोवर फोडू नका. या आजारात अंगातले स्नायू झिजतात. त्यात प्रथिनं कमी आणि दिवसभर पलंग, मग ताकद राहणार कुठून?

पेजेशी माझं भांडण नाही. केमोनंतरच्या मळमळीच्या दोन-तीन दिवसांत नागलीची पेजच पोटात ठरते. पण त्यावर महिने काढायचे नसतात. उपचार चालू असताना वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं घ्यायला सांगतात, म्हणजे तुम्हाला साधारण ६२ ते ७८ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, मूठभर शेंगदाण्यांत ७. फळांच्या रसात जवळजवळ काहीच नाही!

साखर तोडली की गाठ उपाशी मरते, हे व्हॉट्सअ‍ॅपचं वैद्यक. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. गव्हांकुराचा रस कच्चा असतो. केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना कच्च्यातून संसर्गाची भीती, म्हणून तो नकोच. द्राक्षंही नीट धुऊन खा. जाऊबाईंना नुसतं 'नको' म्हणालात तर त्या दुखावतील, म्हणून फर्माईश करा: मुगाचं धिरडं आणि आत किसलेलं पनीर, पूर्ण उकडलेलं अंडं, घट्ट वरण, दाण्याचा लाडू. एका वेळी जाईल तेवढंच, पण दर दोन-तीन तासांनी. तोंडाला लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलचा चमचा बाजूला ठेवा. तोंड आलं नसेल तर वरून लिंबू पिळा.

आता यजमान. त्यांना वाटतं, झोपून राहिलं की शक्ती साठते. केमोतला थकवा मात्र झोपून वाढतो, हलक्या व्यायामाने कमी होतो. हे तुम्ही सांगून पटायचं नाही, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. तोवर त्यांनाच सोबतीला घेऊन सकाळी जॉगिंग ट्रॅकवर जा, गर्दी नसताना. सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. हळूहळू आठवड्यातून तीनदा अर्धा तास. शिवाय आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आणि भिंतीला हात लावून ढकलणं. ऑपरेशनच्या बाजूचा हात फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय ताणू नका.

चक्कर आली, दम लागला तर थांबा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला तर मध्यरात्र असली तरी दवाखान्यात फोन करा, सकाळची वाट पाहू नका.

पुढच्या तपासणीला हे दोघंही तुमच्यासोबत हवेत. फाईलमध्ये एक चिठ्ठी ठेवा: प्लेटलेट्स किती आहेत, कुठला व्यायाम चालेल, आहारतज्ज्ञांना कधी भेटू? चिठ्ठी यजमानांना वाचू द्या आणि उत्तरं जाऊबाईंना लिहून घेऊ द्या.