‘चला बर्लिनला, बेप्पे!’ – वाचकांचे फुटबॉल-प्रश्न

प्रश्न : २००६ च्या वर्ल्ड कपमधल्या इटली-जर्मनी सेमीफायनलची इटालियन समालोचनासह क्लिप पाहिली. शेवटी समालोचक ‘चला बर्लिनला, बेप्पे!’ असं ओरडतो. हा बेप्पे कोण? – एक वाचक, खारघर

उत्तर : जुझेप्पे बेर्गोमी. ओरडणारे स्काय इटालिया वाहिनीचे फाबिओ कारेसा, आणि शेजारच्या खुर्चीत सहसमालोचक बेर्गोमी. ४ जुलै २००६, डॉर्टमुंड. ११९व्या मिनिटाला ग्रोसोनं गोल केला, पाठोपाठ देल पिएरोनं दुसरा. फायनल बर्लिनला होती, म्हणून ती हाक. इटलीतल्या नव्या पिढीला बेर्गोमी आधी या आवाजामुळे ठाऊक झाले, खेळाडू म्हणून नंतर.

खेळाडू म्हणून मात्र ते फार मोठे. जन्म १९६३ चा, मिलानचा. सगळी कारकीर्द मिलानच्याच इंटर क्लबमध्ये, सेरी आचे (इटलीची अव्वल लीग) ५१९ सामने, १९८८-८९ ची लीग आणि तीन यूएफा कप (१९९१, १९९४, १९९८). कोवळ्या वयातच भरघोस मिशा, म्हणून संघात नाव पडलं ‘काका’. इटलीकडून ८१ सामने. त्यातली एक गंमत : चार वर्ल्ड कप खेळले, पण पात्रता फेरीचा एकही सामना नाही. १९८२ ला ते ऐन वेळी संघात आले, १९८६ ला इटली गतविजेती आणि १९९० ला यजमान, त्यामुळे दोन्ही वेळा थेट प्रवेश. १९९१ मध्ये नॉर्वेविरुद्ध लाल कार्ड मिळालं, आणि पुढे साक्की प्रशिक्षक झाल्यावर त्यांचा विचारच झाला नाही. १९९८ ला नवे प्रशिक्षक चेझारे माल्दिनींनी चौतिसाव्या वर्षी परत बोलावलं. ऑस्ट्रियाविरुद्ध बचावपटू नेस्ता जखमी झाला, बेर्गोमी आत आले, आणि पुढचा सामना नेमका नॉर्वेशीच!

प्रश्न : १९८२ च्या वर्ल्ड कप फायनलला बेर्गोमीसारख्या अठरा वर्षांच्या पोराला पश्चिम जर्मनीच्या रुमेनिगेवर कसं काय सोडलं? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : आधी परीक्षा झाली होती. ५ जुलैला बार्सिलोनात ब्राझीलविरुद्ध कोलोवाती पहिल्याच हाफमध्ये जखमी झाला आणि बेर्गोमी आत आले. इटली ३-२ नं जिंकली. सेमीफायनलला ते सुरुवातीपासून खेळले. फायनलआधी मिडफील्डर अंतोन्योनी जायबंदी, तेव्हा प्रशिक्षक बेआरझोतनी त्याच्या जागी दुसरा मिडफील्डर न घेता बेर्गोमींना ठेवलं, म्हणजे पाचवा बचावपटू. जेंतीलेकडे लिटबार्स्की, कोलोवातीकडे फिशर, बेर्गोमीकडे रुमेनिगे, आणि सगळ्यांच्या मागे मोकळा स्वीपर शिरेआ.

अशा एकास एक मार्किंगमध्ये प्रतिस्पर्धी आणि आपला गोल यांच्या मधे, हातभर अंतरावर राहायचं आणि त्याला चेंडू घेऊन वळू द्यायचं नाही. घोळ होतो तो आघाडीवाला मुद्दाम मागे सरकतो तेव्हा : त्याच्यामागे गेलात तर बचावात भगदाड, थांबलात तर तो मोकळा. बेर्गोमींना पाठलाग परवडायचा, कारण भगदाड बुजवायला शिरेआ होता. शिवाय रुमेनिगे पूर्ण तंदुरुस्त नव्हता, सत्तराव्या मिनिटाच्या आसपास बाहेरही गेला. हे सांगितल्यानं बेर्गोमींचं श्रेय कमी होत नाही.

तार्देल्लीचा ६९व्या मिनिटाचा गोल पुन्हा पाहा. सगळे त्याची गोलनंतरची जल्लोषाची धाव पाहतात. त्याच्या आधी जर्मनीच्या पेनल्टी बॉक्समध्ये शिरेआ आणि बेर्गोमी एकमेकांना पास देताना दिसतील. स्वीपर आणि मार्कर, दोघंही तिथे! मग शिरेआनं चेंडू तार्देल्लीकडे सरकवला.

प्रश्न : बचावपटू टीव्हीवर जास्त चांगलं बोलतात का? – एक वाचक, वाशी

उत्तर : सरसकट नाही. पण धोका दोन पास आधी ओळखणं हेच ज्याचं काम होतं, त्याला रिप्लेत काय पाहायचं ते कळतं. एसी मिलानचे माजी बचावपटू कोस्ताकुर्ता स्कायवर मोजकं, थंडपणे बोलतात. लेले अदानी (पूर्वी ब्रेशा, फियोरेन्तिना, इंटरचे बचावपटू) उलट टोकाचे. २०२२ च्या वर्ल्ड कपला राय वाहिनीवर मेस्सीच्या गोलांवर ते इतके बेभान झाले की इटलीत वाद पेटला. आमचं मत : अदानींचा अभ्यास दांडगा, पण तटस्थ सामना ऐकायला बेर्गोमीच बरे.

प्रश्न : आमच्या संकुलाच्या टर्फवरच्या सेव्हन-अ-साइड स्पर्धेचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण आहे. मला सहसमालोचक केलंय. तयारी काय करू? – एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : चेंडू कोणाकडे आहे हे मुख्य समालोचक सांगेल. तुम्ही ‘का’ ते सांगायचं, तेही चेंडू थांबल्यावर : थ्रो-इन, फ्री-किक, गोलकीपरच्या हातात चेंडू. तुमच्याकडे रिप्ले नसणार, म्हणून एका वेळी दोनच वाक्यं. तिसऱ्या वाक्याला हमखास गोल होतो आणि दोघं एकदम ओरडता. बोलायचं असेल तेव्हा बोट वर करायचं, एवढी खूण आधीच ठरवा.

ए-फोर कागद आडवा धरून दोन्ही संघ मैदानावरच्या जागांप्रमाणे लिहा : जर्सी क्रमांक, नाव, डावखुरा की उजवा. बदली खेळाडू कडेला. नावांचे उच्चार कॅप्टनकडून सामन्याआधी विचारून घ्या, आडनावावरून अंदाज नको. पोडियमच्या पहिल्या मजल्यावर, मध्यरेषेसमोर बसा. सामने संध्याकाळचे असतील तर पाठ पश्चिमेला. मोबाइलवरचं प्रक्षेपण पाहून बोलू नका, ते मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं. हेडसेट माइक ओठांपासून दोन बोटं दूर, ओठांच्या कडेला, फोमची टोपी चढवून, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. टेबलावरचा माइक टाळा, कागद ठेवला तरी धप्पकन ऐकू येतं.

सराव असा : एखादा सामना आवाज बंद करून लावा, दहा मिनिटं चेंडू सोडून फक्त बचावफळी पाहा, बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा. ऐकताना ‘चांगला पास’, ‘सुंदर प्रयत्न’ किती वेळा आलं ते मोजा. ते सगळं काढून टाका.

प्रश्न : अशा इटालियन बचावपटूंपैकी कोणी भारतात खेळलंय? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : हो. २०१४ च्या पहिल्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) मातेराझ्झी चेन्नईयिन क्लबचे खेळाडू-प्रशिक्षक होते, नेस्ताही त्याच संघात. २०१५ मध्ये मातेराझ्झींच्या हाताखाली चेन्नईयिननं विजेतेपद मिळवलं. पहिल्या हंगामात मुंबई सिटीचं घरचं मैदान तुमच्या जवळचंच होतं, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. त्या हंगामाची फायनलही तिथेच झाली.