पॉलिटिकल सायकॉलॉजीचा पेपर घेऊ का? स्टॅट (स्टॅटिस्टिक्स) कच्चं आहे, झेपेल का?

घ्या बिनधास्त. मी एमएला ऑप्शनल म्हणून घेतला होता, तोही दुसऱ्या ऑप्शनचं लेक्चर सकाळी सातला असायचं म्हणून. तुम्ही लिहिलंय की नेत्यांच्या डोक्यात काय चालतं ते समजून घ्यायचंय, तर आधीच सांगतो, नेते त्यात थोडेच येतात, जास्त आपणच येतो.

मला सगळ्यात लक्षात राहिला तो हेन्री ताजफेल ह्या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग, १९७० च्या आसपासचा. इंग्लंडच्या ब्रिस्टलमधली १४-१५ वर्षांची पोरं, त्यांना चित्रं दाखवून विचारलं क्ले आवडतो की कँडिन्स्की (दोघे चित्रकार), आणि मग सांगितलं की तू ह्या गटातला, तू त्या गटातला. खरं तर गट कसेही पाडले होते, आवडीनिवडीचा काही संबंध नव्हता. मग म्हणाले आता इतरांना पैसे वाटा, स्वतःला काही मिळणार नाही. तर बऱ्याच पोरांनी काय केलं, आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण त्या गटापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत. वर्गात सगळे हसले, मी मात्र गप्प, कारण आमच्या गावात शिमग्याच्या आधीची बैठक ह्याच्यावरच अडते, पालखी आधी वरच्या वाडीत की खालच्या, आणि खालच्या वाडीचा म्हणून मीही त्यात ओरडलेलो आहे.

स्टॅनफर्डच्या जेलवाल्या प्रयोगाचं (१९७१, पोरांना खोट्या जेलात गार्ड आणि कैदी बनवलं होतं) यूट्यूबवर फार कौतुक चालतं, त्यावर जास्त भरवसा ठेवू नका. गार्ड झालेल्या पोरांना कडक वागा म्हणून चढवलं होतं हे नंतर बाहेर आलंय. मिलग्रॅमचा मात्र नीट वाचा, त्यात वरून सांगितलं की माणूस दुसऱ्याला शॉक देत कुठवर जातो ते बघितलं होतं, ४० पैकी २६ जण शॉकचं मशीन ४५० व्होल्टपर्यंत घेऊन गेले होते. (शॉक खोटा होता, पण त्यांना माहीत नव्हतं.)

स्टॅटचं म्हणाल तर गणितं सोडवायची नसतात, टेबल वाचता आला पाहिजे, कोरिलेशन (दोन गोष्टी एकत्र बदलतात का) आणि रिग्रेशन (एकीवरून दुसरीचा अंदाज) म्हणजे काय एवढं कळलं की भागतं. मलाही पहिले दोन महिने काही कळत नव्हतं.

खरा घाम प्रोजेक्टला निघाला. ग्रामपंचायत निवडणुकीत मत कशावर देता, असे ४० फॉर्म भरून आणायचे होते, मी कुडाळकडचा म्हणून शहाणपणा करून आपल्याच गावात गेलो. पहिल्याच घरी आजोबा सुपारी कातरत बसलेले, फॉर्मकडे बघितलंच नाही, "झिला, तू कोणाचो रे?" बाबांचं नाव सांगितलं. "मगे आपलोच मां तू, लिही तुका काय व्हया ता." पुढच्या घरी कोणीतरी माझ्या चुलत्यांचा पॅनल सांगितला, मला बरं वाटावं म्हणून. सगळे फॉर्म एकसारखे. मॅडमनी बघून एवढंच विचारलं, तुझं आडनाव सांगितलं होतंस का?

म्हणून प्रोजेक्ट असेल तर स्वतःच्या गावात जाऊ नका. मी शेवटी देवगडच्या एका मैत्रिणीशी गाव बदललं. तिला आमच्या वाडीत उत्तरं मिळाली, वर कोकम सरबतही.