जर्मनीतून भाऊ पैसे पाठवणारे, पण गावातल्या शाखेला स्विफ्ट कोडच (परदेशातून पैसे येताना बँक ओळखायचा कोड) नाहीये, काय करायचं?
टेन्शन घेऊ नका, छोट्या शाखांना बहुतेक वेळा तो नसतोच, बँकेच्या जवळच्या मोठ्या फॉरेक्स (परकीय चलनाचं काम करणाऱ्या) शाखेचा किंवा हेड ऑफिसचा कोड द्यायचा आणि सोबत तुमचा खाते नंबर, पासबुकवरचं नाव नि शाखेचा आयएफएससी, मग पैसे बरोबर खात्यात येतात. आयएफएससी ११ अक्षरी आणि स्विफ्ट ८ किंवा ११, म्हणून लोक हमखास घोळ घालतात. ओळखायचं सोपंय, आयएफएससीत पाचवं कायम शून्य, स्विफ्टमध्ये पाचवं-सहावं देशाचं, म्हणजे आपलं आयएन. तिकडची बँक आयबॅन (तिकडे वापरतात तो आंतरराष्ट्रीय खाते नंबर) मागेल, भारतात तो प्रकारच नाही, साधा खाते नंबर चालतो. कोड मात्र गुगलवरून उचलू नका हां, शाखेतूनच घ्या. आणि मधली बँक चार्जेस कापते, थोडे कमी आले तर मॅनेजरशी भांडू नका 😀