साठ टक्के, पण कशाचे?

प्रश्न : नोकरी बदलल्यामुळे मला आरोग्य विम्याची नवी योजना निवडायची आहे. एचएमओचा, म्हणजे एरवी फक्त नेटवर्कमधल्या (कंपनीशी करार असलेल्या) डॉक्टरांचा खर्च देणाऱ्या योजनेचा, हप्ता कमी आहे. पीपीओ ही दुसरी योजना महाग आहे, परंतु ती नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरांचा ६० टक्के खर्च देते. माझी मुलगी दर आठवड्याला ज्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते, त्या कोणत्याच विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये नाहीत. पीपीओ घ्यावी का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : माहितीपत्रकातले ६० टक्के डॉक्टरांच्या बिलाचे नसतात. त्या उपचारासाठी कंपनीने स्वतः मान्य केलेल्या रकमेचे, म्हणजे ‘अलाउड अमाउंट’चे ते असतात, आणि ही रक्कम माहितीपत्रकात सहसा छापलेली नसते.

उदाहरणादाखल असे धरू की एका भेटीचे बिल २५० डॉलर आहे, कंपनीची मान्य रक्कम १२० डॉलर आहे आणि नेटवर्कबाहेरचे डिडक्टिबल (कंपनी पैसे देऊ लागण्याआधी वर्षात तुम्ही स्वतः भरायची रक्कम), जे बहुतेक पीपीओंमध्ये वेगळे आणि मोठे असते, २,००० डॉलर आहे. तुम्ही प्रत्येक वेळी २५० डॉलर मोजले तरी डिडक्टिबलच्या खात्यात १२०च जमा होतात, त्यामुळे ते सतराव्या भेटीला पुरे होते. त्यानंतर कंपनी भेटीमागे ७२ डॉलर देते आणि उरलेले १७८ तुमच्याच खिशातून जातात. वर्षात पन्नास भेटी झाल्या, तर १२,५०० डॉलरच्या खर्चापैकी तुमच्या हाती सुमारे २,४०० डॉलर परत येतील. दोन्ही योजनांच्या वार्षिक हप्त्यांतला फरक याहून जास्त असेल आणि नेटवर्कबाहेर जाण्याचे दुसरे कारण नसेल, तर एचएमओ घेऊन तज्ज्ञांची फी स्वतः भरणेच स्वस्त पडेल. ती फी एफएसएमधून, म्हणजे पगारातले करपूर्व पैसे वैद्यकीय खर्चासाठी बाजूला ठेवण्याच्या खात्यातून, भरल्यास करातही थोडी बचत होते.

म्हणून निवड करण्यापूर्वी मुलीच्या तज्ज्ञांकडून उपचाराचा कोड घ्या (४५ मिनिटांच्या मानसोपचारासाठी तो बहुधा ९०८३४ असतो) आणि तुमच्या झिप कोडसाठी त्या कोडची मान्य रक्कम किती, हे पीपीओ कंपनीला फोन करून विचारा. पहिला प्रतिनिधी उत्तर देईलच असे नाही; चिकाटी सोडू नका. तज्ज्ञ क्लेमसाठी सुपरबिल, म्हणजे उपचाराचा तपशील असलेली पावती, देतात का, हेही विचारून ठेवा.

तुम्ही स्वतः भरायच्या वर्षभराच्या खर्चावर कायद्याने घातलेली कमाल मर्यादा, जी २०२५ साठी एका व्यक्तीला ९,२०० डॉलर होती, केवळ नेटवर्कमधल्या खर्चाला लागू होते. नेटवर्कबाहेर योजनेची स्वतःची मर्यादा असली, तरी मान्य रकमेच्या वरचे पैसे तिच्यात धरले जात नाहीत.

अपघात झाला आणि नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयात नेले तर काय, या भीतीने मात्र पीपीओ घेऊ नका. १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या ‘नो सरप्रायझेस अॅक्ट’मुळे तातडीच्या उपचारांसाठी एचएमओच्या सभासदाकडूनही नेटवर्कमधल्या दरानेच वाटा घेता येतो. रस्त्यावरची रुग्णवाहिका या केंद्रीय कायद्यात येत नाही, एवढे लक्षात असू द्या.

एचएमओ घेतलीत आणि तिच्या नेटवर्कमध्ये मुलीच्या गरजेचा तज्ज्ञ खरोखरच उपलब्ध नसेल, तर ‘नेटवर्क गॅप एक्सेप्शन’साठी लेखी अर्ज करता येतो. तो मंजूर झाल्यास सध्याच्याच तज्ज्ञांचे उपचार नेटवर्कमधल्या दराने मिळू शकतात. मात्र मंजुरी भेटी सुरू होण्याआधी आणि लेखी घ्या.