थर्मोस्टॅट बदलूनही फ्रायरचे तापमान ताळ्यावर का येत नाही?

आपला तीन फेजचा विजेवरील फ्रायर १८० अंश सेल्सिअसवर लावला असता तेल कधी २०० च्या पुढे जाते, गर्दीच्या वेळी मात्र १५० च्या वर सरकत नाही, आणि थर्मोस्टॅट नवा बसवूनही फरक पडलेला नाही, असे आपण लिहिले आहे. अशा उपकरणांची दुरुस्ती हाच माझा व्यवसाय आहे. माझ्या मते येथे एक नव्हे, दोन वेगवेगळे बिघाड असण्याची शक्यता अधिक आहे, कारण थर्मोस्टॅट हीटर चालू किंवा बंद करण्याचा हुकूम तेवढा देतो. चालू हीटरने किती उष्णता द्यावी, हे त्याच्या हातात नसते.

प्रथम तापमान खरोखर किती आहे ते स्वतंत्र प्रोब थर्मामीटरने पाहावे. तो थर्मामीटर आधी कुटलेला बर्फ आणि थोडे पाणी यांच्या मिश्रणात धरून शून्य अंश दाखवतो का, ते तपासावे. नंतर प्रोब पूर्ण कोरडा पुसूनच तेलात घालावा, अन्यथा तेल उडते. प्रोबचे टोक हीटरला किंवा भांड्याच्या भिंतीला टेकू न देता थर्मोस्टॅटच्या सेन्सरच्या पातळीवर ठेवावे. पहिल्या तापवणीत तेल थोडे पुढे जातेच, त्यामुळे त्यावरून निष्कर्ष न काढता पुढच्या काही आवर्तनांत हीटर कोणत्या अंशाला बंद आणि कोणत्या अंशाला चालू होतो, त्याची नोंद करावी. यांत्रिक थर्मोस्टॅटमध्ये काही अंशांचा चढउतार स्वाभाविक आहे, पण २० अंशांचा नव्हे.

तेल जास्त तापते त्या वेळी थर्मोस्टॅटचा खटका अगदी खालच्या अंशावर फिरवावा आणि हीटरच्या वायरवर क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारे मीटर) लावून पाहावे. थर्मोस्टॅटचा ‘टक्’ असा आवाज आला, कॉन्टॅक्टरच्या (थर्मोस्टॅटच्या हुकमावर हीटरचा पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलचा, म्हणजे त्याचे संपर्क ओढणाऱ्या वेटोळ्याचा, पुरवठाही तुटला, तरीही करंट वाहतच राहिला, तर कॉन्टॅक्टरचे संपर्क जळून एकमेकांना चिकटले आहेत, आणि अशा वेळी कितीही थर्मोस्टॅट बदलले तरी उपयोग नाही. कॉइलचा पुरवठा तुटत नसेल, तर दोष नियंत्रणाच्या बाजूला आहे. तेथे पहिला संशय नव्या थर्मोस्टॅटच्या जोडणीवर घ्यावा: सेन्सरचा बल्ब मूळ क्लिपमध्ये न बसवता लोंबकळत ठेवणे, किंवा त्याची बारीक कॅपिलरी नळी वाकवून दाबणे, या चुका फार आढळतात. बल्बवर जळक्या तेलाचा कडक थर असेल तर त्याला उष्णता उशिरा पोहोचते आणि तोवर तेल पुढे गेलेले असते.

तापमान १५० ला अडकते, याचे कारण बहुधा वीजपुरवठ्यात सापडेल. न्यूट्रल (परतीची चौथी वायर) नसलेल्या जोडणीत तीनपैकी एक फेज गेला, तर हीटरची एकूण शक्ती निम्मी होते. फ्रायर रिकामा असताना तेवढी उष्णता पुरते, त्यामुळे बिघाड लपून राहतो. पण गार माल एकामागून एक पडू लागला की तेल सावरत नाही. म्हणून हीटर चालू असताना तिन्ही वायरींवरील करंट मोजावा. एका वायरीवर तो शून्य असल्यास फ्यूज, सैल टर्मिनल, कॉन्टॅक्टरचा तो संपर्क आणि एलिमेंट (हीटरची तापणारी सळई) हे त्याच क्रमाने तपासावे. तिन्हींवर करंट सारखा आणि उपकरणावरील पट्टीत दिल्याइतका असेल, तर एका वेळी माल जास्त पडतो आहे, असे समजावे. मग दुरुस्तीची गरजच नाही.

चालू पुरवठ्यावरील ही मोजमापे परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावीत. हाय-लिमिट (तेल धोक्याइतके तापल्यास हीटर बंद पाडणारा सुरक्षा-स्विच) वारंवार तुटतो म्हणून काही जण त्याच्या दोन्ही वायरी थेट जोडून टाकतात, तसे कदापि करू नये. थर्मोस्टॅट किंवा कॉन्टॅक्टर हीटर तोडत नाही तेव्हा तेल पेट घेण्यापासून अडवणारे तेवढेच साधन उरते. तेल २०० च्या पुढे का जाते, हे सापडेपर्यंत तो फ्रायर मुख्य स्विचवरून बंदच ठेवावा.