एचआयव्ही तपासणी आणि हातातला मोबाईल

प्रश्न: आमची संस्था दर महिन्याला 'एचआयव्ही तपासणी करून घ्या' असा एसएमएस पाठवते. फारसं कुणी फिरकत नाही. काय चुकतंय?

आधी त्या मेसेजमधून 'एचआयव्ही' काढून टाका. घरातला फोन कुणाच्याही हाती लागतो, आणि लॉक असला तरी पहिली ओळ स्क्रीनवर दिसतेच. 'तुमची भेट गुरुवारी ४ वाजता. वेळ बदलायची असल्यास १ पाठवा' एवढं पुरे. आणि असे मेसेज हवेत की नकोत, हे नंबर घेतानाच विचारा.

तपासणी करावी हे लोकांना कळतं. नाव सांगावं लागेल का, किती वेळ जाईल, तिथे कोण असेल, इथे पाऊल अडतं. म्हणून उलट प्रश्न विचारता येईल असा नंबर द्या. केनियात उपचार घेणाऱ्यांना आठवड्यातून एकदा फक्त 'कसं काय?' असा एसएमएस जायचा. अडचण कळवली की दवाखान्यातून फोन यायचा. गोळ्या नियमित घेणाऱ्यांचं प्रमाण वाढल्याचं २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. तो अभ्यास औषधांबद्दल होता, पण विचारपूस करणारं माणूस तपासणीच्या वेळीही तितकंच लागतं.

प्रश्न: काल रात्री कंडोमशिवाय संबंध आला. घरी एचआयव्ही तपासायचं किट ऑनलाइन मागवू का?

किट राहू द्या, आजच डॉक्टर गाठा. संसर्ग रोखणारी पेप औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. काल लागण झाली असली, तरी ती आज किटवर दिसणार नाही. त्यावर विसंबू नका. पुढच्या तपासण्यांच्या तारखा डॉक्टरांकडून घेऊन फोनमध्ये साध्याशा नावाने रिमाइंडर लावा.

प्रश्न: कॅमेऱ्यावर बोट ठेवून एचआयव्ही सांगणारं ॲप खरं असतं का?

नाही. रक्त किंवा तोंडातला द्राव तपासल्याशिवाय निदान होत नाही. ॲप काढून टाका.

प्रश्न: घरच्या किटवर दुसरी रेषा अगदी पुसट आलीय. फोटो पाठवला तर सांगाल?

फोटोवरून निदान करणार नाही. पत्रकात दिलेल्या वेळेतच वाचली असेल, तर पुसट रेषाही रेषाच धरा, म्हणजे लागण असू शकते. मात्र हे अंतिम निदान नव्हे. एचआयव्ही तपासणी केंद्रात पुन्हा तपासणी होते. तोवर समुपदेशकाशी फोनवर बोला, एकट्याने रात्र काढू नका. निदान पक्कं झालं तर उपचार लगेच सुरू होतात. गोळ्यांनी रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.