डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या कथा-खेळासाठी स्वतःचं जग तयार करतोय. आधी देव ठरवू की राज्यं?

पाच खंडांचा नकाशा झालाय, राजघराण्यांच्या वंशावळी चालू आहेत आणि पुढच्या महिन्यात पहिलं सेशन आहे, असं तुम्ही लिहिलंय. माझं म्हणाल तर देव आणि राज्यं दोन्ही तूर्तास राहू द्या. आधी एक घाट तयार करा.

खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनुसार पार्टी (खेळणाऱ्यांच्या पात्रांची टोळी) साध्या चालीने दिवसाला 24 मैल जाते. नकाशावर 6 मैलांचे षटकोन आखले तर दिवसाला चार होतात. वाटेत एक मारामारी, एक मुक्काम आणि गाढवाच्या किमतीवरून अर्धा तास घासाघीस, एवढ्यात सेशन संपतं. तेव्हा चौथ्या खंडातला सम्राट कोणाचा नातू, याचं टेबलावर कुणालाच सोयरसुतक नसतं. 1974 साली हा खेळ छापून आला, त्याआधी अर्नेसन आणि गायगॅक्स या त्याच्या निर्मात्यांनी रचलेली जगंही एका किल्ल्यापासून आणि त्याखालच्या तळघरांपासूनच वाढत गेली होती.

घाटच का म्हणतोय? मी जुन्नरकडचा, नाणेघाट पाहिलेला. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरचा माल त्या वाटेने वर यायचा. माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. तो रांजण जसाच्या तसा उचला नि खेळात ठेवा. जकात कोण घेतं? चुकवायची तर चोरवाट कुठली, आणि तिथे काय राहतं? यंदा रांजण निम्माच भरलाय, तर नाकेदार खातोय की खालचं बंदरच ओस पडलंय? एवढ्यावर दोन-तीन सेशन आरामात निघतात, आणि राजाचं नाव लागेल तेव्हा लागेल.

देवांचं काम तर चक्क वाटून द्या. क्लेरिक (देवाच्या बळावर जादू करणारा पुरोहित) घेणाऱ्यालाच विचारा, बाबा, तुझा देव कोण, त्याला काय चालत नाही? ड्वार्फ (बुटक्या जमातीचं पात्र) घेणाऱ्याला त्याच्या माणसांच्या लग्नाच्या रीती विचारा. स्वतः सांगितलेलं कुणी विसरत नाही; तुमची वीस पानी पीडीएफ मात्र कुणी उघडणार नाही. (माझ्या ग्रुपमध्ये कुणीही उघडत नाही.)

बाकी नावं सोपी ठेवा, अपॉस्ट्रॉफीवाली नकोत. नवे क्लास (पात्रांचे पेशे), नव्या जमाती नंतर बघता येतील.

एक गोष्ट मात्र आधीच तपासा: पहिल्या लेव्हलचे स्पेल, म्हणजे जादूचे मंत्र. होमब्रू, म्हणजे घरी रचलेल्या जगाचं गणित बहुतेक वेळा तिथेच फिसकटतं. दुष्काळावर कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी कथा) बेतलीत आणि पार्टीत ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) निघाला, तर 'गुडबेरी'च्या एका कास्टिंगमध्ये दहा बोरं येतात आणि एका बोरावर एका माणसाचं दिवसाचं पोट भरतं. क्लेरिक दहा गॅलन पाणी काढून देतो तो वेगळाच. स्पेलवर सरळ बंदी घातली की खेळणारे हिरमुसतात. त्यापेक्षा त्याची किंमत जगात आणा. गुडबेरीला बांडगुळाची डहाळी लागते. माझ्या टेबलावर ती दर वेळी खर्ची पडते, फोकस (साहित्याऐवजी वापरायची जादूची वस्तू) चालत नाही, आणि बांडगूळ घाटावरून न्यायचं तर नाक्यावर परवाना दाखवावा लागतो. पार्टीतला ड्रुइड सध्या बांडगुळाची तस्करी करतोय, आणि मूळ दुष्काळापेक्षा सगळ्यांना त्यातच जास्त रस आहे.